मक्यापासून इथेनॉल: प्रायोगिक संयंत्राच्या नोंदी, नाशिक

५ नोव्हेंबर: आखणी

मका ते निर्जल इथेनॉल हा सगळा प्रवास लहान प्रमाणात करायचा आणि प्रत्येक टप्प्यावर लिटर कुठे गळतात ते शोधायचं, असं हे काम आहे. जागा दिंडोरी रस्त्याच्या बाजूच्या एका परवानाधारक धान्य आसवनीतला प्रायोगिक विभाग. एका बॅचला २०० किलो मका आणि ५०० लिटर पाणी, असा एकूण ७०० किलोचा घोळ. फर्मेंटर १,००० लिटरचा असून तो वजनकाट्याच्या पायांवर बसवला आहे.

परवान्याचं आधीच लिहून ठेवतो, कारण ही नोंद वाचून कुणी घरी भांडं चढवू नये. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्यार्क गाळणं गुन्हा आहे, इंधनासाठी असला तरीही. इथल्या टाक्यांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाची कुलपं आहेत आणि गाळलेल्या प्रत्येक लिटरची नोंद होते.

हिशेबाचा पाया असा. १ किलो स्टार्च पाण्याशी जोडला जाऊन १.११ किलो ग्लुकोज होतं, आणि त्यातून जास्तीत जास्त ०.५६८ किलो, म्हणजे ०.७२ लिटर इथेनॉल. मक्यात ६२ टक्के स्टार्च धरला तर टनाला ४४६ लिटर. ही कागदावरची कमाल. यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी आणि ग्लिसरॉल बनवण्यात साखर खर्च करतंच, त्यामुळे ९० टक्क्यांच्या वर जाणं अवघड. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात मक्यासाठी टनाला ३८० लिटर धरलेत. आमच्या २०० किलोच्या बॅचमध्ये स्टार्च १२४ किलो. कमाल ८९ लिटर, आणि हाती लागावेत असे ८० च्या आसपास.

१० नोव्हेंबर: माल

येवला, चांदवड आणि मालेगाव तालुक्यांतला खरिपाचा मका. तीन ढीग वेगवेगळे ठेवलेत, एकमेकांत मिसळायचे नाहीत. ओलावा पहिल्याचा १३ टक्के, दुसऱ्याचा १३.५ आणि तिसऱ्याचा १८. तिसरा काढणीच्या वेळी भिजलेला माल आहे. दाण्याच्या टोकाशी काळपट डाग दिसतात आणि मूठभर दाणे नाकाशी नेले की कुबट वास येतो.

ओलाव्याचा फटका पुष्कळांना फक्त वजनाचा वाटतो. १८ टक्के ओलाव्याचा १ क्विंटल वाळवून १३ टक्क्यांवर आणला की ९४ किलो २५० ग्रॅम भरतो. म्हणजे १८ टक्क्यांचा क्विंटल तसाच दळला तर १३ टक्क्यांच्या क्विंटलपेक्षा साधारण साडेतीन किलो स्टार्च कमी मिळतो. कागदावर अडीच लिटर तिथेच गेले. शिवाय ओला दाणा हॅमर मिलमध्ये फुटत नाही, चेपला जातो. जाळीची भोकं बुजतात आणि मोटार तापते. साठवायचा तर १४ टक्क्यांच्या वर ठेवूच नये, ढिगाच्या पोटात ऊब धरून बुरशी वाढते.

आमचं मत स्पष्ट आहे: आसवनीनं मक्याचा भाव क्विंटलवर न ठरवता कोरड्या स्टार्चवर ठरवावा. शेतकऱ्यानं चार दिवस खळ्यावर मका वाळवला, तर त्या मेहनतीचा दाम त्याला मिळायला हवा. आज वाळवून आणणाऱ्याचं वजनच घटतं, म्हणून वाळवण्याचा कंटाळा केला जातो.

तिसरा ढीग ताडपत्रीवर पसरून वाळवायला घेतला. तिन्ही ढिगांचे नमुने बुरशीच्या विषासाठी, म्हणजे अफ्लाटॉक्सिनसाठी, प्रयोगशाळेत पाठवले. नमुना काढताना एकाच गोणीतून ओंजळ भरून चालत नाही. हे विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं, मोजक्या दाण्यांत एकवटलेलं असतं. प्रत्येक गोणीत नळी खुपसून वर, मध्ये आणि तळाशी थोडं थोडं काढलं. दर ढिगाचं सगळं मिळून ५ किलो झालं. ते पूर्ण दळून मग त्यातला नमुना घेतला.

१७ नोव्हेंबर: बॅच १, दळण आणि शिजवण

पहिला ढीग. चाळून खडे, कणसाचे तुकडे, धूळ काढली. मिलच्या तोंडाशी चुंबक आहे, त्याला दोन खिळे आणि एक तारेचा तुकडा चिकटला. तो तुकडा आत गेला असता तर जाळी फाटली असती, आणि पिठाच्या धुळीत ठिणगी पडणं त्याहून वाईट. मक्याच्या पिठाची धूळ हवेत दाट झाली की स्फोट होऊ शकतो, म्हणून धूळ ओढणारा पंखा चालू असल्याशिवाय मिल सुरू करायची नाही.

मिलला ३ मिलिमीटरची जाळी होती. तीच ठेवून पहिली बॅच घेतली, म्हणजे तुलनेला आधार राहील.

पाणी ५५ अंश सेल्सिअस. पीएच चुन्याच्या निवळीनं ५.७. अल्फा-अमायलेज, म्हणजे स्टार्चच्या साखळ्या तोडणारं एन्झाइम, मक्याच्या वजनाच्या ०.०४ टक्के, म्हणजे ८० ग्रॅम. त्यातलं एक तृतीयांश पीठ टाकण्याआधीच पाण्यात घातलं आणि उरलेलं ८५ अंशांवर. आधी थोडं घालावंच लागतं. मक्याचा स्टार्च ६२ ते ७२ अंशांत फुगतो आणि घोळ खळीसारखा घट्ट होतो. ढवळणीच्या मोटारीचा प्रवाह ४ अँपिअरवरून ७ वर गेला, मग एन्झाइमनं साखळ्या तोडायला सुरुवात केल्यावर दहा मिनिटांत परत साडेचारवर आला. आधीचं एन्झाइम नसेल तर मोटार इथेच ट्रिप होते. वाफ जॅकेटमधून दिली आणि ढवळणी थांबू दिली नाही, कारण थांबली की भिंतीला पीठ करपतं. ८६ ते ८८ अंशांवर ९० मिनिटं ठेवलं.

आयोडीन चाचणीत एक गोष्ट सांभाळायची. नमुना गरम असताना आयोडीन टाकलं तर निळा रंग येतच नाही आणि स्टार्च संपला असा समज होतो. पांढऱ्या फरशीवर थेंब घ्यायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा, मग आयोडीन. आजचा थेंब तांबूस-तपकिरी आला, पण त्यात बारीक कणांभोवती निळी कडी दिसत होती. द्रव उतरलाय, कणांच्या पोटात स्टार्च शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ.

२० नोव्हेंबर: बॅच १ चा निकाल

आंबवणी ६० तास. वॉश, म्हणजे आंबून तयार झालेला घोळ, ६३० लिटर, त्यात इथेनॉल ११.१ टक्के. म्हणजे ७० लिटर, टनाला ३५०.

साखर जवळजवळ संपलेली होती, म्हणजे यीस्टनं आपलं काम चोख केलंय. उरलेला चोथा वाळवून त्यातला स्टार्च मोजला तर तो २० टक्के निघाला. चोथा ७० किलोच्या घरात, त्यात १४ किलो स्टार्च, म्हणजे १० लिटर इथेनॉल चोथ्यात बसून राहिलं.

पिठाची चाळणी केली. ०.८५ मिलिमीटरच्या चाळणीवर ४० टक्के पीठ अडकलं. मक्याच्या दाण्यात वरून मऊ, पिठूळ भाग असतो आणि कडेनं कडक, काचेरी भाग. आपल्याकडच्या बऱ्याच संकरित वाणांचा दाणा कडकपणाकडे झुकणारा आहे. मऊ भाग कसाही दळला तरी विरघळतो. काचेरी भागाचा जाड कण ९० मिनिटांत आतपर्यंत भिजत नाही, आणि जिथे पाणी पोचत नाही तिथे एन्झाइमही पोचत नाही. एन्झाइमची मात्रा दुप्पट केली तरी यात फरक पडणार नाही. खर्च मात्र दुप्पट होईल.

२१ नोव्हेंबर: जाळी

जाळी दीड मिलिमीटरची बसवली. मिलमध्ये दाणा फोडणाऱ्या पट्ट्यांच्या, म्हणजे बीटरच्या, कडा एका बाजूनं गोल झाल्या होत्या, त्या पलटून घेतल्या. बोथट बीटर दाणा कापत नाही, चिरडतो, आणि पीठ तापतं. आता ०.८५ च्या चाळणीवर ९ टक्के राहतं. वीज जास्त लागते आणि दळायला वेळही जास्त.

१ मिलिमीटरची जाळीही लावून पाहिली. पीठ सुरेख येतं, पण चोथा वेगळा करताना त्रास होतो. अतिबारीक कण चोथा आणि पाणी वेगळं करणाऱ्या डिकँटरमध्ये खाली बसत नाहीत, पातळ पाण्याबरोबर निघून जातात आणि पुढे बाष्पकात चिकट थर धरतात. दीडवर थांबलो.

२४ नोव्हेंबर: बॅच २

दळण बारीक झालं की गुठळ्यांचा धोका वाढतो. मोठ्या घोळाआधी दोन बादल्यांत चाचणी घेतली. एकीत पाणी ५५ अंश, दुसरीत ७०. ७० अंशांच्या बादलीत पीठ पडल्या पडल्या गोळे झाले, उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतल्यावर पिठल्याचे होतात तसे. सुपारीएवढा एक गोळा सुरीनं कापला. बाहेर पारदर्शक, चिकट साल आणि आत कोरडं पांढरं पीठ, बोटानं दाबलं की भुरभुर सांडणारं. ती साल एकदा धरली की तासभर शिजवूनही आतलं पीठ कोरडंच राहतं. ५५ अंशांच्या बादलीत एकही गोळा नाही. पाणी ५५ च्या वर न्यायचं नाही आणि पीठ चाळणीतून, ढवळणीच्या भोवऱ्यात, हळूहळू सोडायचं.

शिजवणीनंतर आयोडीनचा थेंब स्वच्छ तपकिरी, निळी कडी नाही. ब्रिक्स, म्हणजे घोळात विरघळलेल्या घनपदार्थांची टक्केवारी, २०.५.

मग ३२ अंशांपर्यंत गार केलं. पीएच गंधकाम्लानं ४.६. ग्लुकोअमायलेज, म्हणजे साखर सुटी करणारं एन्झाइम, १२० ग्रॅम. साखर आधी पूर्ण सुटी करून मग यीस्ट घालण्याऐवजी दोन्ही एकत्रच घातली. साखर हळूहळू सुटते आणि यीस्ट ती लगेच खातं, त्यामुळे गोड पाण्याचा ताण त्याच्यावर येत नाही.

युरिया २८० ग्रॅम, औद्योगिक प्रतीचा. शेतीसाठी मिळणारा नीमलेपित, अनुदानित युरिया इथे वापरता येत नाही, कायद्यानं मनाई आहे. मक्यात प्रथिनं भरपूर असली तरी यीस्टला ती तशीच खाता येत नाहीत. नायट्रोजन कमी पडला की चाळीस तासांनंतर आंबवण रेंगाळतं.

कोरडं यीस्ट ३५० ग्रॅम. साडेतीन लिटर स्वच्छ पाण्यात, ३६ अंशांवर २० मिनिटं भिजवलं. गार पाण्यात थेट टाकलं तर पेशींचं आवरण नीट भरत नाही आणि बऱ्याच पेशी तिथेच मरतात. एवढ्या यीस्टनं घोळात दर मिलिलिटरला साधारण १ कोटी पेशी होतात.

वजनकाट्याचा उपयोग इथे कळतो. १ किलो कार्बन डायऑक्साइड उडाला की १.३२ लिटर इथेनॉल तयार झालं. टाकीचं वजन दर दोन तासांनी लिहायचं, नमुना न काढताही आंबवण कुठवर आलं ते समजतं.

रात्रपाळीसाठी सूचना: हा वायू हवेपेक्षा जड आहे आणि पंपाच्या खड्ड्यात साचतो. खड्ड्यात उतरण्याआधी पंखा १५ मिनिटं चालवायचा, मीटरनं हवा तपासायची, आणि बाहेर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय उतरायचंच नाही. एकजण पडला म्हणून दुसरा धावत आत गेला की दोघंही जातात. रिकामी, नुकतीच धुतलेली टाकीही यात आली.

२५ नोव्हेंबर

सकाळी वजनाचा आलेख मागे. २४ तासांत ३२ किलो घट अपेक्षित होती, २४ किलोच झाली. पीएच १२ तासांवर ४.३, आता ३.९. चांगल्या बॅचमध्ये तो ४.१ ते ४.२ ला टेकतो.

सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या लंबगोल पेशींमध्ये बारीक काड्या दिसतात, एकट्या आणि साखळीनं. हे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू. मिथिलीन ब्लूनं पाचातली एक यीस्ट पेशी निळी झाली, म्हणजे मेलेली.

२७ नोव्हेंबर: बॅच २ चा निकाल

इथेनॉल ११ टक्के, ६९ लिटर, टनाला ३४६. चोथ्यात स्टार्च ७ टक्के, म्हणजे दळण सुधारलं. पण दीड टक्का साखर तशीच राहिली आणि लॅक्टिक आम्ल ०.६ टक्के.

दोन्ही बॅचचे लिटर जवळपास सारखेच, कारणं मात्र पूर्ण वेगळी. पहिलीत स्टार्च चोथ्यात अडकला, दुसरीत साखर सुटली पण यीस्टला ती खाता आली नाही. फक्त लिटर पाहणारा दोन्ही वेळा एकच उपाय करील, बहुतेक यीस्ट बदलील, आणि दोन्ही वेळा काही हाती लागणार नाही. म्हणून आता प्रत्येक बॅचच्या शेवटी दोन आकडे लिहायचेच: चोथ्यातला स्टार्च आणि वॉशमधली साखर. स्टार्च जास्त असेल तर दळण आणि शिजवण तपासायची. साखर जास्त असेल तर यीस्ट, तापमान, संसर्ग.

१ डिसेंबर: संसर्ग कुठून आला

शिजवलेला घोळ ८८ अंशांवर दीड तास होता, त्यात जिवाणू टिकत नाहीत. म्हणजे संसर्ग त्याच्या पुढे. शिजवणीची टाकी, उष्णता विनिमयक, फर्मेंटरकडे जाणारी नळी आणि फर्मेंटर, या चार ठिकाणी कापसाचे बोळे फिरवून नमुने घेतले.

दोष नळीत सापडला. नमुना काढायच्या नळाआधी अर्धा हात लांबीची आडवी फांदी आहे आणि तिच्या टोकाला झाकण. धुताना तिच्यातून पाणी वाहत नाही. झाकण काढल्यावर आत राखाडी, आंबट वासाचा लगदा. गार झालेला घोळ तिथून जाताना दरवेळी बी घेऊन पुढे जात होता. फांदी कापून नळ थेट मुख्य नळीवर बसवला.

धुण्याचा क्रम: आधी पाणी, मग ८० अंशांचा २ टक्के कॉस्टिक सोडा २० मिनिटं, परत पाणी, मग वाफ, शेवटच्या टोकाला ९५ अंश लागेपर्यंत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे पाणीच ९८ अंशांना उकळतं. त्यामुळे उघड्या टोकाशी १०० अंशांची वाट पाहू नये.

प्रतिजैविकं घालून संसर्ग दाबता येतो, बऱ्याच ठिकाणी तसं करतात. आम्ही ते टाळतोय. त्याचा अंश चोथ्यात उतरू शकतो आणि चोथा कोंबड्या-जनावरांच्या पोटात जातो. नळीतला कचरा काढणं हाच खरा इलाज.

दुसरं कारण थंडी. निफाडकडे पारा एक आकडी जातो त्या दिवसांत शेडच्या कडेची लहान टाकी रात्रीतून २७ अंशांपर्यंत उतरते. यीस्टची सुरुवात मंदावते आणि तेवढ्या वेळात जिवाणू पुढे निघून जातात. मोठ्या टाकीला हा त्रास कमी, तिचं पोट मोठं असल्यानं ऊब टिकते. टाकीला काचलोकरीचं आवरण चढवलं. पहिले आठ तास जॅकेटमधून कोमट पाणी. त्यानंतर आंबवण स्वतःच इतकं तापतं की थंड पाणी सोडावं लागतं, ३४ अंशांच्या वर गेलं तर मद्यार्क वाढल्यावर यीस्ट लवकर थकतं.

७ डिसेंबर: बॅच ३

पहिला ढीग, दीडची जाळी, बाकी सगळं तसंच. २४ तासांत ३३ किलो घट, शेवटी ५९ किलो. पीएच ४.१ वर स्थिर. ५६ तासांत संपलं.

इथेनॉल १२.४ टक्के, ७८ लिटर, टनाला ३९०. चोथ्यात स्टार्च ५ टक्के, साखर ०.२ टक्के.

९ डिसेंबर: गाळणी आणि निर्जलीकरण

गाळणीच्या स्तंभात फार काही शिकण्यासारखं घडलं नाही. वॉशमधल्या चोथ्यामुळे खालच्या थाळ्या बुजू शकतात, म्हणून भोकं मोठी ठेवलेली आहेत. वरून ९५ टक्क्यांचा मद्यार्क. साध्या गाळणीनं आकारमानात ९७ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, तिथे पाणी आणि इथेनॉल एकाच प्रमाणात उकळतात.

उरलेलं पाणी ३ अँगस्ट्रॉमच्या आण्विक चाळणीनं. पाण्याचा रेणू भोकात शिरतो, इथेनॉलचा मोठा असल्यानं बाहेर राहतो. वाफ ११५ अंशांपर्यंत तापवूनच पाठवायची. थेंब मण्यांवर पडला तर ते तडकतात, भुकटी होते आणि दाब वाढत जातो. दोन खांब आळीपाळीनं: एक पाणी शोषतो तेव्हा दुसरा निर्वाताखाली वाळतो. वाळवायला तयार मालाचाच एक भाग वापरला जातो आणि तो परत स्तंभात जातो.

शेवटचा माल ९९.७ टक्के. इंधनात मिसळायच्या इथेनॉलसाठी आयएस १५४६४ या मानकात किमान ९९.६ आहे. हायड्रोमीटरनं एवढा बारीक फरक कळत नाही, कार्ल फिशर पद्धतीनंच पाणी मोजायचं. पिंपाच्या श्वासनळीवर सिलिका जेलची डबी लावली, नाहीतर हवेतलं दव ओढून माल आठवड्यात मानकाखाली जातो.

पिंपात ७५ लिटर भरलं. टनाला ३७५. वॉशमध्ये ३९० दिसलं तरी विकायला ३७५ च, आणि हिशेब याच आकड्यावर करायचा.

आगीबद्दल: इथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, आणि साधा फेस त्यावर विरून जातो. मद्यार्काला टिकणारा फेसच ठेवायचा.

१२ डिसेंबर: पैशांचा हिशेब

७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं आणि तेव्हापासून मक्याकडे ओढा वाढला. मक्याच्या इथेनॉलला २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात लिटरला ७१ रुपये ८६ पैसे असा दर जाहीर झाला. मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये.

या दोन आकड्यांवर: टनाला मका २४,००० रुपये. ३७५ लिटरचे २६,९४८ रुपये. मधे राहतात २,९४८. त्यातून एन्झाइम, वाफ, वीज, मजुरी, कर्जाचा हप्ता. म्हणजे इथेनॉल एकट्यानं संयंत्र चालवत नाही, चोथ्याची विक्री जोडीला लागतेच.

आणि बॅच १ व बॅच ३ मधला फरक टनाला ४० लिटर, म्हणजे २,८७४ रुपये. जवळजवळ तेवढंच मार्जिन एका जाळीत आणि बोथट बीटरमध्ये गेलं असतं. नफा नाही म्हणून शेतकऱ्याला हमीभावापेक्षा कमी दर देण्याआधी आसवनीनं स्वतःची चाळणी आणि चोथ्यातला स्टार्च पाहावा, हे आग्रहानं लिहितो.

१६ डिसेंबर: बॅच ४, पाण्याचा पुनर्वापर

५०० लिटरपैकी १५० लिटर ताजं पाणी वगळून त्याजागी डिकँटरमधून निघालेलं पातळ पाणी, म्हणजे थिन स्लॉप, घेतलं. ते गरमच असतं, त्यामुळे वाफही वाचते. गंगापूर, करंजवण, वाघाड या धरणांचं पाणी शेती, शहर आणि कारखाने वाटून घेतात. तेव्हा ही बचत ऐच्छिक समजू नये.

पण घोळाचा पीएच ४.९ वर आला. चुना जास्त लागला आणि विनिमयकाच्या पत्र्यावर पांढरा थर दिसू लागला. चुन्यातलं कॅल्शियम आणि पुढे घातलेलं गंधकाम्ल मिळून जिप्सम होतं. कॉस्टिकनं पीएच चढवला तर सोडियम दर फेरीत साठत जातं आणि ५०० पीपीएमच्या पुढे यीस्टला जाचतं. मधला मार्ग अमोनियाचं द्रावण: पीएचही चढतो आणि नायट्रोजनही मिळतो. युरिया २८० वरून १५० ग्रॅमवर आणला, आंबवण रेंगाळलं नाही. इथेनॉल १२.३ टक्के. ३० टक्क्यांपर्यंत पुनर्वापर ठेवायचा. त्यापुढे लॅक्टिक आम्ल आणि ग्लिसरॉल साठत जातात, ते आधी काही फेऱ्या चालवून पाहायचं.

२२ डिसेंबर: चोथा

२०० किलो मक्यामागे वाळलेला चोथा, डीडीजीएस, ६६ किलो, ओलावा १० टक्के, प्रथिनं २७ टक्के. नाशिक जिल्ह्यात कुक्कुटपालन मोठं असल्यानं गिऱ्हाईक जवळच आहे. रंग सोनेरी हवा. ड्रायरमध्ये जास्त तापला की तपकिरी होतो, आणि लायसिन हे कोंबडीला लागणारं अमिनो आम्ल साखरेशी बांधलं जातं. प्रथिनांचा आकडा तोच दिसतो, पण पक्ष्याला उपयोग कमी. ओला चोथा तसाच द्यायचा तर थंडीत दोन-तीन दिवसांत संपवायचा, उन्हाळ्यात त्याच दिवशी.

अफ्लाटॉक्सिनचे अहवाल आले. पहिला ढीग किलोला ३ मायक्रोग्रॅम, दुसरा ४, वाळवलेला तिसरा ११. माणसाच्या धान्यासाठी मर्यादा १५, म्हणजे तिसरा ढीगही धान्य म्हणून पास. तरीही त्याचा चोथा विकता येणार नाही. आंबवण्यात स्टार्च निघून जातो, विष मात्र आंबत नाही आणि वाफेबरोबर वरही जात नाही. ते चोथ्यात तिप्पट दाट होतं, म्हणजे ३३ च्या आसपास. जनावरांच्या खाद्यात बी-१ या सर्वांत घातक प्रकाराची मर्यादा २०. गाईनं हे खाल्लं तर ते एम-१ या रूपात दुधात उतरतं आणि ते दूध मुलं पितात. वाळवल्यानं बुरशीची वाढ थांबली, आधी तयार झालेलं विष तसंच राहिलं.

म्हणून चोथा विकायचा असेल तर मका घेतानाच ६ मायक्रोग्रॅमची आतली मर्यादा धरायची. भिजलेला माल आसवनी घेईल, इंधनाला काही होत नाही, असं बाजारात सर्रास बोललं जातं. इंधनाला होत नाही हे खरं, पण टनामागचा ३३० किलो चोथा कुठे जाणार ते आधी ठरलेलं हवं.

तिसरा ढीग वेगळ्या बॅचमध्ये घेतला जाईल. त्याचं पातळ पाणी दुसऱ्या बॅचमध्ये फिरवायचं नाही, त्याचा चोथा लाल खुणेच्या गोण्यांत, कुलपात, आणि तिथून थेट बॉयलरच्या भट्टीत. ड्रायर, कन्व्हेअर आणि गोणी भरायचं तोंड त्यानंतर धुऊन, पुढच्या बॅचचा पहिला १० किलो चोथाही भट्टीतच.